कडवळातलं विष

धायरी,
१९ ऑगस्ट १९६७

चि. रशीदा हिला दत्तोबाकाकाचा आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही, हौस तर त्याहून नाही. पण काम तुझ्या खात्यातलं आहे म्हणून बसलो.

गेल्या शुक्रवारी माझी खिलार जोडी आणि दुभती म्हैस एकाच सकाळी गेली. चारा टाकून मी अंघोळीला गेलो. बाहेर येतो तो म्हैस आडवी, तोंडाला फेस, भात्यासारखी धाप. बैल उभे होते ते माझ्यादेखत कोसळले. डॉक्टरला बोलवायला माणूस वेशीपर्यंतही पोचला नव्हता. ही तीच जोडी, जिचा जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला होता आणि तुझ्या बापाने माझ्या पैशाचे पेढे खाल्ले होते.

हुसेन मला नेहमी ऐकवतो की माझी लेक सरकारी प्रयोगशाळेत झाडपाल्यातलं विष मोजते, कुठलं रोप गुरांना बाधतं ते शोधून काढते. तो बढाया मारतो, मी पान खात ऐकतो. आता त्यातलं खरं किती ते बघायची वेळ आली आहे. संपत गवळ्याबरोबर पिशवी पाठवली आहे. त्या सकाळी जनावरांनी खाल्ला तोच चारा तिच्यात आहे. माझ्या रानातला, पहिल्या प्रतीचा. त्यात काही खोट आहे का तेवढं बघ. खोट नाही हे मला ठाऊक आहे. पण गावाला कागद लागतो.

तुझा,
दत्तोबाकाका


पुणे,
२८ ऑगस्ट १९६७

तीर्थस्वरूप दत्तोबाकाकांना रशीदाचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

तुमचं पत्र अब्बांनी मोठ्याने वाचलं आणि अम्मी भरलेला कप तसाच ठेवून उठली. आमच्या चहातलं दूध त्याच म्हशीचं असायचं. जोडीबद्दल काय लिहू? लहानपणी तुम्ही मला त्यांच्या आधीच्या बैलांच्या पाठीवर बसवलं होतं, तेव्हा त्या ऐटीत अख्ख्या पेठेत मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते.

आता कामाचं. गुरांना झटपट मारणाऱ्या कितीतरी रोपांत एकच विष असतं, सायनाइड. ते पानांत बांधलेलं असतं. पान चावलं, चुरडलं की सुटं होतं. तुमचा चारा मी पाण्यात कुटून झाकून ठेवला, मग त्यातून वाफ काढली, ती थंड करून धरली आणि तिच्यात विष किती आलं ते मोजलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. दखल घेण्याइतकं विष आढळलं नाही. तसा कागद सोबत आहे.

त्या कागदाखालची सही नीट बघा. आजवर काम मी करायचं आणि सही श्रीनिवासराव करायचे. ते आमचे साहेब. या वेळी चष्म्यावरून बघत म्हणाले, "करा आता तुम्हीच. कायम व्हायचंय ना? मग जबाबदारीचा नमुना दिसू दे." माझ्या आयुष्यातली ही पहिली सही, आणि ती तुमच्या कामी आली याचा मला फार अभिमान वाटतो. अब्बांना तर विचारूच नका. कार्बनची प्रत दुकानात लावली आहे. पुस्तक बांधायला आलेल्या माणसाला आधी माझी सही वाचावी लागते, मग पुठ्ठ्याचा भाव कळतो.

आपली,
रशीदा


धायरी,
३ सप्टेंबर १९६७

चि. रशीदास आशीर्वाद.

हुसेनच्या बढाया खऱ्या निघाल्या. हे त्याला माझ्याकडून कळवू नकोस, त्याला सोसणार नाही.

तुझा कागद काचेत बसवून घेतला. काल मारुतीच्या देवळात आरती झाल्यावर उभा राहून वाचला, सहीसकट. "रशीदा हुसेन जिल्दसाज" असं म्हटल्यावर मी जरा थांबलो. कुणाला नावावरून काही म्हणायचं असेल तर म्हणावं, म्हणून.

आता तुला सांगायला हरकत नाही. माझा धाकटा भाऊ भैरू तुला आठवत असेल, तुला चिंचा पाडून द्यायचा. बांधाच्या कारणावरून आमचं बोलणं बंद आहे. त्या सकाळी तो वांग्यांवर फवारायचं औषध घेऊन माझ्या गोठ्यावरून गेला. जनावरं पडली तेव्हा धावत आला आणि चारचौघांत म्हणाला, "दादा, किराळ लागली."

तू शहरातली, तुला हा शब्द ठाऊक नसेल. कोवळा जोंधळा खाऊन जनावर मरतं त्याला आम्ही किराळ लागणं म्हणतो. ज्याला गुरं राखायची अक्कल नाही त्याच्या गोठ्यात किराळ लागते. मिसरूड फुटल्यापासून मी बैल राखले, लोक माझ्याकडे बैलाचे दात दाखवायला येतात, आणि माझ्याच दारात माझा भाऊ मला हे सुनावतो. आता तुझ्या कागदाने चारा स्वच्छ ठरला. मग विष कुठून आलं ते गावाला कळतं. मी कुणाचं नाव घेतलं नाही. कागद वाचला आणि खाली बसलो.

तुझा,
दत्तोबाकाका


धायरी,
१२ सप्टेंबर १९६७

चि. रशीदाला सोजरकाकूचे आशीर्वाद.

मला लिहिता येत नाही. भैरूभाऊजींची शकू लिहिते आहे. तिला आमच्याकडे यायची बंदी आहे, ती परसातून आली आहे. तुझे काका रानात आहेत.

तुझ्या कागदावरून इकडे बरंच झालं. काकांनी नाव घेतलं नाही खरं, पण कागद वाचून भाऊजींच्या घराकडे तोंड करून बसले. पंचांनी ठरवलं की ज्याच्यावर जनावर मारल्याचा संशय, त्याचे बैल यंदा भादव्यातल्या पोळ्याला वेशीतून जायचे नाहीत. आमच्या गावात हे आजवर कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. भाऊजी घराबाहेर पडत नाहीत. शिंगांना लावायचा हिंगूळ आणला होता, पुडी तशीच खुंटीला आहे. दोघे भाऊ एका ताटात जेवलेले मी पाहिले आहेत, म्हणून माझ्याने राहवेना.

तुला बोल लावत नाही. तुझ्या कामावर काकांचा जीव आहे. पिशवी पाठवताना काय ती निगुती. यंदा पावसाने ओढ दिली, कालव्याचं पाणी आलं नाही, चाऱ्याला पेरलेलं जोंधळ्याचं कडवळ गुडघ्याशीच थांबलं होतं. मग एक सर आली आणि बुडातून हिरवेगार फुटवे निघाले. तेच त्या दिवशी कापलं होतं. त्यातला उरलेला भारा काकांनी धुतला, मेथीसारखा बारीक चिरला, पत्र्यावर चार उन्हं दिली, काडी-कचरा निवडला आणि मग पिशवीत भरला. मी म्हटलं, हिरवाच द्या की. तर म्हणाले, "हापिसात वला भारा टाकाया त्यो काय गोठा हाय?"

तू काही करू शकलीस तर बघ.

ताई, हे पुढचं माझं आहे, काकूला वाचून दाखवलेलं नाही. आबांनी काही केलेलं नाही. ते त्या दिवशी धावत गेले ते थोरल्या काकांचे बैल वाचवायला. – शकू


पुणे,
१५ सप्टेंबर १९६७

तीर्थस्वरूप दत्तोबाकाका,

माझा कागद चुकीचा आहे. तो काचेतून काढा.

सोजरकाकूंनी मला पत्र पाठवलं. त्यांना बोलू नका, बोलायचं तर मला बोला. पिशवी उघडली तेव्हा आत वाळका चारा होता. मी धरून चालले की जनावरांनी वाळकाच खाल्ला. मी पेठेत वाढले. आमच्या बोळात टांग्याची घोडी वाळकं गवत खायची, माझ्या डोळ्यापुढे चारा म्हणजे तोच. तुम्हाला एका ओळीत विचारायला हवं होतं, विचारलं नाही. सहीच्या आनंदात होते.

काका, हे विष उडून जाणारं आहे. कडवळ चिरलं की ते सुटतं, उन्हात ठेवलं की हवेत जातं. तुम्ही मला पाहुणचार म्हणून तो भारा धुतलात, चिरलात, वाळवलात. मी उरलेलं मोजलं आणि काही नाही म्हणून लिहून दिलं. मोजमापात चूक नव्हती. पण जनावरांनी खाल्लं ते मी मोजलंच नाही.

श्रीनिवासरावांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, बाहेर गेलेला कागद आपोआप बरोबर होत असतो. तुमची कायमची फाईल वर गेली आहे. या महिन्यात शहाणपण जरा आवरा." मी विचार केला. घरी अब्बांनाही विचारलं. भैरूकाकांचे बैल माझ्या सहीमुळे अडलेले असताना ती सही मला बाळगवणार नाही.

पुढच्या रविवारी, चोवीस तारखेला, मी येते. त्याच वावरातलं हिरवं कडवळ तुमच्यासमोर कापून, तुमच्यासमोर बघू.

आपली,
रशीदा


धायरी,
१९ सप्टेंबर १९६७

रशीदास,

येऊ नकोस.

सही केलीस तेव्हा शुद्धीवर होतीस ना? मी तो कागद गावापुढे वाचला आहे, देवापुढे वाचला आहे. आता तू म्हणतेस तो खोटा. म्हणजे माझ्या कडवळात विष, माझ्या हाताने मी माझी जोडी मारली, आणि तुझ्या मते मला किराळ लागली. हे तोंडावर म्हणणारा एक भाऊ होताच, आता तू दुसरी.

हुसेनच्या दुकानात एखाद्या पुस्तकाची पानं उलटीसुलटी शिवली गेली, तर तो गिऱ्हाइकाच्या मागे धावत जाऊन पुस्तक परत मागत नाही. आपल्या हातचं काम आपणच खोटं म्हणणारी मुलगी त्याच्या घरातली वाटत नाही. शिकलीस तेवढं पुरे झालं.

कागद काचेतच राहील.

दत्तोबा


पुणे,
२६ सप्टेंबर १९६७

तीर्थस्वरूप दत्तोबाकाका,

तुम्ही नको म्हटलं तरी मी आले. तुम्ही पलीकडच्या बांधावर आंब्याखाली पाठ करून उभे होतात आणि मधूनमधून मागे वळून बघत होतात, हेही मला दिसलं.

तुमचं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. गिऱ्हाइकामागे धावण्याचं ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली आणि म्हणाले, "त्याला लिही, मी धावत जातो. एकदा भर पावसात सदाशिव पेठेत गेलो होतो. उलटी शिवलेली पोथी लोकांच्या घरात राहू देऊ?" मग त्यांनी माझ्यासाठी एस.टी.चे पैसे काढून ठेवले. एवढं बोलून झाल्यावर ते दुकानात गेले आणि कार्बनची प्रत स्वतः उतरवली. काका, अब्बांना मी इतकं ताठ चालताना माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

तुम्ही लांब होतात म्हणून इकडच्या बांधावर काय झालं ते लिहिते. सोजरकाकूंनी त्याच सरीतले, कापणीनंतर पुन्हा आलेले फुटवे स्वतः कापून दिले. ते मी खलात कुटून बाटलीत भरले आणि बुचाला आमच्याकडची पिवळ्या कागदाची पट्टी लटकवली. बाटलीत ते विष सुटलं तर ती पट्टी विटकरी होते. दुसऱ्या बाटलीत तुमच्या जुन्या पिशवीतला वाळका चारा, तशीच पट्टी. आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या होत्या. वाळक्याची पट्टी पिवळी ती पिवळीच राहिली. हिरव्याची आधी नारिंगी झाली, मग विटेसारखी. तेवढ्यात तुम्ही जवळ आलात. बाटली उचलून उन्हात धरलीत, खाली ठेवलीत आणि निघून गेलात.

उरलेलं कडवळ ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच संध्याकाळी इथे आणलं आणि रीतसर मोजलं. शंभर ग्रॅम हिरव्या चाऱ्यात बेचाळीस मिलिग्रॅम. विसाच्या पुढे धोका समजतात. बैल वाचणं शक्यच नव्हतं.

आता जे लिहिते ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, ते खरं आहे म्हणून. यात राखणीचा दोष नाही. पाण्यावाचून जोंधळा खुंटला की त्यात विष साठतं, आणि त्यानंतर सर पडून फुटलेले कोंब सगळ्यांत वाईट. दिसायला मात्र तेच सगळ्यांत हिरवे आणि रसाळ. चांगला गुराखी तेच आधी कापेल. डोळ्यांना दिसत नाही म्हणून आमच्यासारख्यांना मोजत बसावं लागतं. मला माझ्या कामाचा अभिमान आधीही होता, पण तो सहीचा होता. रविवारी पट्टी रंगली तेव्हा पहिल्यांदा कामाचा वाटला.

सोबत दोन कागद आहेत. एकावर पहिला कागद रद्द केल्याचं आणि का ते लिहिलं आहे. दुसऱ्यावर नवा आकडा आहे. दोन्हीखाली माझी सही आहे. श्रीनिवासरावांनी दोन्ही कागद तीनदा वाचले आणि न विचारता खाली आपलीही सही केली. "आता फाईल अडली तर दोघांची अडेल," एवढंच म्हणाले.

पोळा येत्या मंगळवारी, तीन तारखेला आहे. मी पंचांना लिहिणार नाही. पहिला कागद गावाला तुम्ही वाचून दाखवलात, हे कागदही तुमच्याच हाती देते.

आपली,
रशीदा


धायरी,
६ ऑक्टोबर १९६७

चि. रशीदा,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रात तुझ्या नावाआधी चि. घालायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, मी घातलं नव्हतं. या पत्रात दोन धर.

तुझे कागद आल्यावर मी ते कोनाड्यात टाकले आणि कुणाला दाखवायचे नाहीत असं ठरवलं. चार दिवस मी घरात एकटाच होतो, म्हणजे तुझी काकू होती, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. जेवण वाढायची आणि भिंतीशी बोलायची.

मंगळवारी गावाने बैल वेशीपाशी आणले. झुली, घुंगरं, वाजंत्री, सगळं. मला न्यायला बैलच नव्हते. नुसता उभा होतो. लोक माझ्याकडे बघून हळहळत होते, आणि भैरूच्या गल्लीकडे बघून थुंकत होते. ते मला बघवेना. त्याचे बैल मी ओळखतो, त्यातला एक माझ्याच गाईचा. त्या मुक्या जनावराने कुणाचं काय केलं होतं? घरी गेलो, कागद घेतले, पुन्हा वेशीत आलो, वाजंत्री थांबवली. म्हणालो, "गावकऱ्यांनो, किराळ लागली व्हती. माझ्या कडवळाची. माझ्या हातानं कापल्याली." मग दोन्ही कागद वाचले.

मच्छिंद्र पाटील वाकड्यात शिरणारा माणूस. तो म्हणाला, "दत्तोबा, पयला कागद बी त्याच पोरीचा व्हता. त्यो खोटा निघाला, तर ह्यो खरा कशावरनं?"

रशीदा, मी भर पंचायतीत कधी अडलो नाही, पण त्या क्षणी मला वाटलं आता अडलो. आणि मग तोंडातून आपोआप आलं. म्हणालो, "पाटील, सही करून चिकटून बसनारे रग्गड हायेत. तुमी हाय, मी हाय. आपली पयली सही, नोकरी कायम व्हायच्या आधी, आपल्या हातानं खोडनारी तुमी एक तरी बघितली का? म्हनून ह्यो खरा." पाटील पगडी सारखी करायला लागला. बाया मागे उभ्या होत्या, त्यांनी पट्टी रंगलेली पाहिली होती, त्या म्हणाल्या, "आमी बघितलंय."

मी भैरूच्या दारात गेलो. बैल धुऊन सजवून उभे होते. शकूने शिंगं रंगवली होती, बाहेर काढायचे नसले तरी. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, "मला लोकांचं त्वांड बघायचं न्हाय. बैल न्यायचं तर तुमी न्या." मला दादा म्हणाला नाही. मी कासरा हातात घेतला आणि निघालो. वेशीच्या अलीकडे मागे पावलं वाजली. तोही आला, दुसरा कासरा त्याने घेतला. वेशीतून आधी त्याचे बैल गेले. मी मिरवणुकीत इतक्या वेळा पुढे चाललो आहे, पण माझी मान एवढी वर कधी नव्हती, आणि त्या बैलांत माझा एकही नव्हता.

आता कामाचं. त्या पिवळ्या पट्ट्या भरपूर पाठव. गावातला जो तो कडवळाची पेंढी घेऊन माझ्या ओट्यावर येतो. मी कुटतो, बाटलीत भरतो, पट्टी लटकवतो. रंगली की सांगतो, आत्ता चारू नका, कापून उन्हं द्या, नाहीतर पोटरीत, कणीस बाहेर पडायच्या बेतात येऊ द्या. वडगावची माणसंसुद्धा येऊन गेली. कुणाची पट्टी माझ्याइतकी गडद झालेली नाही. बेचाळीसचा आकडा पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाच्या कडवळात आढळला तर मला कळव, पण मला वाटत नाही. माझं पीक कुठल्याच बाबतीत कमी नसतं.

तुझी फाईल पुढे सरकली का? नसेल सरकली तर त्या श्रीनिवासरावांना माझ्याकडे पाठव, हुरडा खायला. जोंधळा तोवर दाण्यात आलेला असेल, घाबरू नका म्हणावं.

एक राहिलं. वेशीतून बाहेर पडल्यावर वडगावच्या एका पाहुण्याने विचारलं, "कागदावर सही केल्याली ही रशीदा तुमची कोन?" मी म्हणालो, लेक. भैरू शेजारीच चालत होता. त्याला हुसेन चांगला माहीत आहे. त्यानेही पाहुण्याकडे बघून हो म्हणून मान हलवली.

तुझा,
दत्तोबाकाका